टार फाइल उघडताना पसारा नको असेल तर

ठाण्याहून वाशीची लोकल पकडायच्या घाईत परवा उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एक टार-जीझेड फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधून दाबलेलं गाठोडं, थेट डेस्कटॉपवर उघडली. आत फोल्डरच नव्हता! सुट्या फाइली सगळीकडे. त्या निवडून उचलेपर्यंत लोकल गेली, पुढचीही.

आता टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, असं करतो (अक्षरं इंग्रजी, छोटी; फक्त तिसऱ्या पायरीतला सी मोठा):

१. आधी आत डोकवायचं: टार, स्पेस, हायफन टी एफ, स्पेस, फाइलचं नाव. नुसती यादी दिसते, काही सुटत नाही.

२. सगळ्या ओळी एकाच फोल्डरच्या नावाने सुरू होत असतील तर टीच्या जागी एक्स घालून खुशाल उघडा.

३. नसतील तर एमकेडीआयआर या कमांडने नवा फोल्डर करा आणि त्याच एक्सवाल्या कमांडच्या शेवटी हायफन, मोठा सी, स्पेस आणि फोल्डरचं नाव जोडा.

फाइल दाबायची पद्धत जीझेड, बीझेड२ की एक्सझेड, हे टार उघडताना स्वतःच ओळखतं. वेगळी अक्षरं पाठ करत बसू नका. झिप फाइल असेल तर अनझिप या कमांडला हायफन एल दिला की यादी, हायफन डी दिला की हवा तो फोल्डर. तो आधी करायचीही गरज नाही.

जपायचं एवढंच: त्याच नावाची जुनी फाइल तिथे असेल तर टार न विचारता तिच्या जागी नवी ठेवतं. अनझिप निदान विचारतं तरी.