दारू सोडण्यासाठी ग्रुपला जाताय? या चुका टाळा

ग्रुपची माहिती काढली जाते, नंबर सेव्ह होतो आणि गाडी तिथेच अडते. "आधी महिनाभर माझं मी सोडून बघतो, मग जाईन." सगळ्यात जास्त माणसं याच वाक्यापाशी अडकतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झाली ती दोन बेवड्यांच्या भेटीतून. बिल विल्सनची दारू सुटून काही महिनेच झाले होते आणि डॉ. बॉब स्मिथ तेव्हाही पीत होते. म्हणजे सुरुवातच मुळात पिणाऱ्या माणसापासून झाली. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच सभासदत्वाची अट. फी नाही. वर्गणीची पिशवी फिरते, पण नव्या माणसाने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

दारू एकदम तोडून मीटिंगला जाणं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, ताप चढतो. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. घरी थांबून "मनाचा निग्रह" करण्याची ही वेळ नव्हे. आधी कधी फिट आली असेल किंवा सकाळी उठल्याबरोबर प्यावीच लागत असेल, तर दारू सोडायच्या आधीच डॉक्टरांना भेटा. ग्रुपमध्ये अनुभव असलेली माणसं असतात, उपचार करणारी नसतात.

याचीच दुसरी बाजू म्हणजे कोणीतरी जुना मेंबर आपुलकीने सांगतो, "गोळ्या म्हणजेसुद्धा नशाच, बंद कर." ऐकू नका. सभासदाने डॉक्टर होऊ नये, ही एएचीच भूमिका आहे. डिप्रेशनची किंवा फिटची औषधं लिहून देणाऱ्याला विचारल्याशिवाय सोडायची नाहीत.

न विचारता कुठल्याही मीटिंगला जाणं

आधी एक फोन करा. ओपन मीटिंगला नातेवाईक, मित्र कोणीही येऊ शकतं. क्लोज मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. बायकोला सोबत घेऊन गेलात आणि तिला दाराशीच थांबावं लागलं, तर दोघांचाही उत्साह मावळतो. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप १९५१ पासून आहे, आणि पिणारा माणूस कुठेच जायला तयार नसला तरी घरच्यांना तिथे जाता येतं. पुष्कळ स्त्रियांना पुरुषांसमोर बोलणं जड जातं. त्यांनी फक्त स्त्रियांची मीटिंग किंवा ऑनलाइन मीटिंग आहे का, हे विचारावं.

देवाचं नाव ऐकून पाय मागे घेणारेही खूप. दारूपासून दूर राहण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगते, त्यांमध्ये ईश्वर आहे, पण "आपल्याला उमगलेला". तेही पटत नसेल तर १९९४ पासून सुरू असलेल्या स्मार्ट रिकव्हरीसारख्या मीटिंग आहेत, तिथे भर विचार आणि सवयी बदलण्यावर असतो. पटेल तिथे जा, पण जा.

एका मीटिंगवरून निकाल देणं

पहिल्या मीटिंगला बहुतेकांना अवघडल्यासारखं होतं. तुम्ही धीर एकवटून बोलता, लोक "थँक यू" म्हणतात आणि पुढचा बोलायला लागतो. कोणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. ही बेपर्वाई नव्हे. मध्ये कोणी तोडू नये, म्हणून ठेवलेली शिस्त आहे. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं.

ऐकताना मात्र मन मापं काढत बसतं. "याची नोकरी गेली, माझी कुठे गेलीय? मी एवढा पीत नाही." फरक शोधायला बसलं की प्रत्येक जण वेगळाच निघतो. लपवलेली बाटली, सकाळची शपथ, संध्याकाळचं निमित्त, यातलं काय जुळतं ते ऐका. ग्रुप नाहीच आवडला तर दुसरा बघा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. उसने पैसे मागणारा किंवा नको तेवढी जवळीक साधणारा कोणी भेटला, तर तो ग्रुप बेलाशक बदला.

मीटिंग संपताच सटकणं

माझ्या मते निम्मं काम मीटिंग संपल्यावर होतं. खुर्च्या उचलताना कोणीतरी विचारतं, "पहिल्यांदाच आलात?" तेव्हा दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही कारण नसताना, एकाला फोन करा. सहज फोन करायची सवय नसेल, तर तलफ आल्यावर बोट त्या नंबरकडे वळत नाही. स्पॉन्सर, म्हणजे नव्या माणसाला सोबत करून वाट दाखवणारा जुना सभासद, निवडतानाही घाई नको. बरीच वर्षं न पिता राहिलेला, शक्यतो आपल्याच लिंगाचा आणि फोन उचलणारा माणूस बघा.

स्लिप झाल्यावर तोंड लपवणं

पुन्हा प्यायलं की "आता कुठल्या तोंडाने जाऊ?" असं वाटतं आणि माणूस महिनोन्‌महिने गायब होतो. त्या खोलीत बसलेल्या कितीतरी जणांनी हे भोगलेलं असतं. त्याच दिवशी फोन करा, पुढच्या मीटिंगला जा आणि घडलं ते सरळ सांगा. प्यायलेल्या अवस्थेत गेलात तर अनेक ग्रुप बसू देतात, फक्त बोलायला नाही म्हणतात. पण सलग काही दिवस जोरात पिणं झालं असेल, तर थांबण्याआधी पुन्हा डॉक्टर, मग मीटिंग.