पुणे ते सासवड, मनाच्या आरोग्यासाठी चालायचंय? मग हे वाचा

हडपसरहून पहाटे ५ लाच निघा, कारण दिवे घाटाचा चढ उन्हात जाम दमवतो, अन् नवे बूट अजिबात नको, महिनाभर आधीपासून तळजाई टेकडीला रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्या. या चालण्यातून मनाच्या आरोग्याच्या कामासाठी देणगी गोळा करणार असाल तर ती आधीच जमवा, हिशोब ग्रुपवर टाका. पण खरं काम चालतानाच होतं बघा, शेजारी शेजारी चालताना माणूस नजर न मिळवता मनातलं बोलून जातो, तेव्हा सल्ले देऊ नका, नुसतं ऐका. कुणी फारच खचलेलं वाटलं तर एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून द्या, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीतही बोलतात. घाट चढायच्या आधी वडकीला पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.