आधी वाट मोकळी, मग वस्तू: फेंग शुईने घरातील ऊर्जा ताजी करण्याची पद्धत

फेंग शुई म्हणजे घर आणि परिसर यांची मांडणी ठरवण्याची जुनी चिनी पद्धत. ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. घरात काहीही हलवायला घेण्यापूर्वी एवढा अर्थ नीट ध्यानात घेतला, तर पुढची निम्मी कामे आपोआप सुचू लागतात. ग्वो पू (इ.स. २७६ ते ३२४) या चिनी विद्वानाच्या नावावर असलेल्या, दफनभूमीच्या निवडीविषयीच्या जुन्या ग्रंथात असे सांगितले आहे की, जीवनशक्ती वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्याच्या काठाशी आली की थांबते. या शक्तीसाठी चिनी भाषेत ‘छी’ हा शब्द आहे. मराठी कानाला तो नाक मुरडल्यासारखा वाटतो, म्हणून पुढे ‘ऊर्जा’ असेच म्हटले आहे. ही ऊर्जा कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही, हे मान्य करूनही त्या जुन्या विधानातून दोन अतिशय व्यवहारी प्रश्न निघतात: घरात कुठे सारे काही सुसाट निघून जाते आणि कुठे ते साचून कुजते?

त्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी एखाद्या दिवशी आपल्याच घरात पाहुण्यासारखे शिरावे. दाराबाहेर क्षणभर थांबून आत यावे आणि कोणतीही वस्तू न उचलता, न आवरता सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावी. दार कुठे पूर्ण उघडत नाही, कुठे अंग चोरून जावे लागते, कुठल्या कोपऱ्याकडे कित्येक दिवसांत पाहिलेलेच नाही, आणि दारातून आत येताच नजर थेट समोरच्या खिडकीतून बाहेर जाते का, हे कागदावर लिहून ठेवावे. हा कागद कोणत्याही छापील नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

यानंतरचे काम घालवण्याचे आहे, आणण्याचे नव्हे. चीनमध्ये नववर्षाच्या आधीच्या दिवसांत घराची झाडलोट करण्याची प्रथा आहे आणि तिच्यामागे एक सुंदर शब्दसाम्य आहे: धूळ आणि जुने-शिळे या दोन्हींसाठीच्या चिनी शब्दांचा उच्चार सारखाच होतो, त्यामुळे धूळ झाडणे म्हणजेच सरलेले वर्ष घराबाहेर काढणे ठरते. वर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र झाडू हाती घेत नाहीत, कारण नुकतेच आत आलेले भाग्य झाडले जाईल असे मानतात. आपण सुरुवात दाराच्या मागून करावी, कारण दार ज्या भिंतीला टेकायला हवे तिथेच पिशव्या, छत्र्या आणि जुनी खोकी साठलेली असतात. त्यानंतर पलंगाखालची जागा रिकामी करावी आणि मग एका वेळी एकच कपाट उघडावे. सगळे घर एकदम उपसले की संध्याकाळी पसारा जिथल्या तिथे कोंबला जातो. बंद पडलेले घड्याळ, तडा गेलेला कप, उडालेला दिवा आणि कुरकुरणारी बिजागरी यांना फेंग शुईमध्ये अडलेल्या ऊर्जेची खूण मानतात. अशा वस्तू दुरुस्त तरी कराव्यात किंवा काढून तरी टाकाव्यात. ज्यांच्याविषयी निर्णय होत नाही, त्या वस्तू खोक्यात भरून वर तारीख लिहावी आणि सहा महिन्यांत ते खोके उघडावेसे वाटले नाही, तर तोच निर्णय समजावा. सुकलेली फुले आणि मरायला टेकलेली झाडेही याच वेळी बाहेर जावीत.

घर हलके झाले की प्रवेशाकडे वळावे. फेंग शुई दाराला घराचे तोंड मानते आणि दारासमोरच्या मोकळ्या जागेला ‘मिंगतांग’, म्हणजे उजळ दालन म्हणते. ऊर्जा आत येण्यापूर्वी इथे जमते, अशी कल्पना आहे. अगदी चिंचोळ्या प्रवेशातही एवढे करता येते: पादत्राणे बंद कपाटात जावीत, दिवा भरपूर उजेडाचा असावा आणि दार अडखळल्याशिवाय पूर्ण उघडावे. दाराच्या थेट समोर आरसा लावू नये, कारण आत आलेली ऊर्जा तो परत फिरवतो असे मानतात. दारापासून खिडकीपर्यंत सरळ रेषा असेल, तर ती मोडणे हे या सगळ्या पद्धतीतले बहुधा सर्वांत फलदायी काम आहे. मध्ये एखादे उंच झाड, अर्ध्या उंचीचा आडपडदा किंवा आडवे अंथरलेले जाजम आले, की पाऊलही मंदावते आणि नजरही.

त्यानंतर पलंग आणि काम करण्याचे टेबल. इथे जमिनीच्या चढ-उतारांवरून जागा पारखणाऱ्या जुन्या ‘आकार’ परंपरेचे तत्त्व लागू होते: पाठीशी उंच आधार, दोन्ही बाजूंना थोडी कमी उंची आणि समोर मोकळे मैदान, म्हणजे जणू हात असलेली खुर्ची. पाठीमागच्या आधाराला काळे कासव, डाव्या बाजूला निळा-हिरवा ड्रॅगन, उजव्या बाजूला पांढरा वाघ आणि समोरच्या बाजूला तांबडा पक्षी अशी नावे आहेत. बीजिंगमधला, १४२० साली पूर्ण झालेला राजवाडा हे याचे मोठे उदाहरण होय. खंदक खोदताना निघालेल्या मातीची जिंगशान टेकडी त्याच्या पाठीशी उभी आहे आणि पुढच्या चौकातून वळण घेत पाणी वाहते. घरात टेकडी नसते, पण पलंगाचा उशाकडचा भाग भक्कम भिंतीला टेकवता येतो. पलंगावरून दार दिसावे, परंतु पलंग दाराच्या थेट रेषेत नसावा. पाय दाराकडे करून झोपण्याची स्थिती विशेष टाळतात, कारण मृतदेह तसाच बाहेर नेतात. टेबलाशी बसताना पाठ दाराकडे करावीच लागत असेल, तर समोर छोटा आरसा ठेवून मागचे दार दिसेल असे करावे. हाच उपाय झोपण्याच्या खोलीत मात्र करू नये, तिथे पलंगाचे प्रतिबिंब दाखवणारा आरसा वर्ज्य आहे. पाठीमागे काय चालले आहे हे कळत नसेल तर माणूस निवांत बसू शकत नाही, आणि हा सल्ला पटण्यासाठी ऊर्जेवर श्रद्धा असलीच पाहिजे असे मला वाटत नाही.

दिशांचा विचार इतके झाल्यावरच करावा. आठ दिशांच्या ‘बाग्वा’ आकृतीचा उपयोग दोन प्रकारे केला जातो: पारंपरिक पद्धतीत होकायंत्राने खऱ्या दिशा पाहतात, तर फेंग शुईचे शिक्षक लिन युन यांनी विसाव्या शतकात अमेरिकेत रुजवलेल्या शाखेत आकृतीची एक बाजू सरळ मुख्य दाराच्या भिंतीशी जुळवतात. दोन्ही एकत्र केल्यास एकाच कोपऱ्याला दोन अर्थ लागतात, म्हणून एकच निवडून तिच्यावर ठाम राहावे. होकायंत्र वापरायचे असेल, तर ते लोखंडी दार आणि विजेच्या उपकरणांपासून दूर धरून तीन ठिकाणी मोजमाप घ्यावे. आणखी एक फसगत हमखास होते: चिनी आकृत्यांमध्ये दक्षिण वर असते, त्यामुळे उत्तर वर पाहण्याची सवय असलेला माणूस सगळी आकृतीच उलटी धरतो.

होकायंत्राच्या पद्धतीत प्रत्येक दिशा पाच तत्त्वांपैकी एकाची मानतात: उत्तर पाण्याची, पूर्व व आग्नेय लाकडाची, दक्षिण अग्नीची, नैर्ऋत्य व ईशान्य मातीची, तर पश्चिम व वायव्य धातूची मानली आहे, मध्यभागही मातीचाच. रंगांपुरते बोलायचे तर पाण्याला काळा-निळा, लाकडाला हिरवा, अग्नीला तांबडा, मातीला पिवळा आणि धातूला पांढरा. परंतु रंगांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांतले नाते समजून घ्यावे: पाणी लाकूड वाढवते, लाकूड अग्नी पेटवते, अग्नीची राख माती होते, मातीतून धातू निघतो आणि धातूवर दव जमून पाणी होते. दक्षिणेची खोली फार भडक व बेचैन वाटत असेल, तर तिच्यात पाणी आणून झगडा लावण्याऐवजी मातीचे रंग आणि मातीची भांडी ठेवावीत. अग्नीचा जोर माती निर्माण करण्यात खर्ची पडतो. स्वयंपाकघरात शेगडी आणि पाण्याचा नळ शेजारी आले असतील, तर मध्ये लाकडी फळी किंवा हिरवे रोप ठेवतात, म्हणजे पाण्याकडून लाकडाला आणि लाकडाकडून अग्नीला अशी साखळी पूर्ण होते. मला या शास्त्रातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

भाग्यासाठी घरात ठेवतात ती नाणी, बेडूक, स्फटिक यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून वरील एकही काम अडत नाही. फक्त बाग्वा आरसा, म्हणजे भोवती बाग्वा आकृती असलेला आरसा, घरात कधीही टांगू नये, तो बाहेरून येणारी टोकदार किंवा आक्रमक ऊर्जा परतवण्यासाठी दाराबाहेरच लावायचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून २०४३ पर्यंतचा ‘नववा कालखंड’ सुरू झाला आहे, म्हणून सगळे घर नव्याने मांडा, असाही सल्ला ऐकू येतो. ते वीस-वीस वर्षांचे गणित काळानुसार ऊर्जा बदलते असे मानणाऱ्या ‘उडत्या ताऱ्यांच्या’ शाखेचे असून त्यासाठी घर बांधल्याचा काळ आणि घराच्या तोंडाची नेमकी दिशा यांचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागतो. तो अर्धवट माहितीवर करू नये.

एका आठवड्यात एकच खोली हाती घ्यावी, पलंग हलवण्यापूर्वी त्यावर झोपणाऱ्याला विचारावे, आणि दररोज सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा मिनिटे उघड्या ठेवाव्यात. महिन्याभराने तोच जुना कागद हातात घेऊन पुन्हा दाराबाहेरून आत यावे आणि आता कशावर रेघ मारता येते ते पाहावे.