'कॅच' नेमका कुठे नि कसा वापरायचा

कॅच म्हणजे पकडणे, एवढं पाठ करून भागत नाही. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडायचीय तर 'कॅच अ ट्रेन', इथवर मराठी नि इंग्रजी सेम, बॉलचंही तसंच. गडबड पुढे होते. सर्दी झाली की 'आय कॉट अ कोल्ड', म्हणजे तिकडे माणूसच जाऊन सर्दीला पकडतो, आपल्याकडे बिचारी आपोआप होते! आणि स्टेशनवरच्या अनाउन्समेंटच्या गोंगाटात फोनवर समोरच्याचं नाव कळलं नाही तर 'व्हॉट?' असं खेकसू नका, 'सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम' म्हणा, मला तर हाच वापर सगळ्यात कामाचा वाटतो. 'कॅच अप' म्हणजे मागे पडलेलं भरून काढणं, नाहीतर बऱ्याच दिवसांनी भेटून तलावपाळीवर गप्पा ठोकणं.

भूतकाळात कॅच्ड नाही हां, कॉट, स्पेलिंगमधले जी-एच मुके.

शब्द मूळचा लॅटिन, इंग्रजीत आला उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतून, तिथे अर्थ होता शिकार करणं, पाठलाग करणं. 'चेस'पण त्याच मुळाचा, फक्त दुसऱ्या फ्रेंच बोलीतून आलेला, म्हणजे सख्खे भाऊच की. सुटलेल्या लोकलमागे धावलात तर चेस, दांडा हातात आला तर कॅच (पण असलं काही करू नका, पुढची येतेच).