दा नांगला एकट्याने दोन-तीन महिने राहायचंय? मग हे वाचा

आधी महिना ठरवा, तिकीट नंतर. आपल्याकडे पाऊस आटपत येतो तेव्हा व्हिएतनामच्या या पट्ट्यात तो रंगात येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तर धो धो, वर वादळं आणि पूर, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाऊया हा आपला लाडका प्लॅन इथे बाद. फेब्रुवारी ते ऑगस्ट बिनधास्त जा, जून-जुलैला ऊन मात्र टाळकं तापवतं.

माझा साधा हिशोब सांगते, ज्याला ओटीपी लागतो ते सगळं मुंबईत उरकायचं आणि जे डोळ्याने बघून घ्यायचं ते तिथे पोचल्यावरच.

ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, ऑगस्ट २०२३ पासून, सिंगल एन्ट्रीचे २५ डॉलर. सरकारी साइटवरच भरा, पत्ता 'डॉट गव्ह डॉट व्हीएन'ने संपतो, बाकी तशाच दिसणाऱ्या साइट एजंटांच्या, जास्तीचे पैसे उकळतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही. आणि एन्ट्रीचं ठिकाण विचारतात तिथे दा नांग लिहून मोकळे होऊ नका, मुंबईहून हानोई किंवा हो ची मिन्हला उतरून पुढे डोमेस्टिकने जाणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून तेच टाकायचं.

कार्डाचं इंटरनॅशनल चालू करा, भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा नाहीतर बँकेचा ओटीपी यायचा कुठे, आणि ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखं तिथलं टॅक्सी-बाइकचं अॅप) घरूनच डाऊनलोड करून नंबर व्हेरिफाय करून ठेवा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. नोटांचं एक बघा, तिथलं चलन डाँग, त्यात २० हजारांची आणि ५ लाखांची दोन्ही निळ्या, रात्री टॅक्सीत घाईघाईत देताना शून्य मोजा. किंमत कळायला शेवटची तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला साडेतिनाने गुणायचं, रुपये जवळपास येतात.

एअरपोर्ट शहरातच आहे, पंधरा-वीस मिनिटांत माय खे बीचजवळ पोचता. आता खोली. महिन्याभराची खोली फोटो बघून मुंबईतून बुक करू नका, चार-पाच रात्रींचं साधं हॉटेल घ्या आणि मग पायी फिरा. बीचजवळच्या आन थुआंग भागाच्या गल्ल्यांत परदेशी लोक जास्त, कॅफे जास्त, भाडंही जास्त, थोडं उत्तरेला सोन त्राकडे सरकलात तर शांत. खोली दिवसा एकदा आणि रात्री एकदा बघा, सकाळी सात वाजता शेजारी ड्रिलिंग सुरू होतं का ते आजूबाजूला विचारा कारण बांधकामं जिकडेतिकडे चालू असतात, खिडकी खरंच बाहेर उघडते का बघा, काही खोल्यांची खिडकी पॅसेजमध्ये उघडते. कपाट उघडून वास घ्या. कुबट आला तर पुढची खोली. महिन्याच्या भाड्यात वीज बहुतेक धरलेली नसते, युनिटमागे वेगळे पैसे, म्हणून चावी घेताना मालकासमोर मीटरचा फोटो काढायचा, एसी रात्रभर लावणार असाल तर नक्कीच. डिपॉझिट सहसा एका महिन्याचं, आपल्याकडच्या मानाने काहीच नाही. पासपोर्टचा फोटो मालक घेणारच, पोलिसांकडे तुमची नोंद त्यालाच करावी लागते, पण पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायचा नाही. नोंद केली का हे दोन दिवसांनी परत विचारा, संकोच करू नका.

स्कूटर सगळेच भाड्याने देतात, लायसन्स कोणी विचारत नाही, आणि गोची तिथेच आहे. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातलं, व्हिएतनाम १९६८ चं मानतं, म्हणजे ते दाखवून उपयोग नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. ५० सीसीच्या आतली गाडी घ्या, तिला लायसन्स लागत नाही, नाहीतर ग्रॅबची बाइक.

समुद्र आपल्यासारखा नाही. भरती-ओहोटीचा फरक फार कमी, पाणी कट्ट्यावर आपटणं वगैरे नाही, पण लाटा दिसतात त्यापेक्षा आत जास्त ओढतात. पहाटे पाचला अख्खं शहर पाण्यात असतं, आज्यासुद्धा, तुम्हीही तेव्हाच जा, लाइफगार्डच्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. दुपारी बीच रिकामा दिसतो तो उगाच नाही.

खाण्याचं मासेखाऊंना सांगायला नको, कोन मार्केटला सकाळी गेलात की खूश. शाकाहारींनी पाटीवर सी-एच-ए-वाय बघायचं, एरवी नुसत्या पालेभाजीतही फिश सॉस असतो. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक तिथे मांसमच्छी खात नाहीत, त्या दिवशी शाकाहारी ठेल्यांवर गर्दी, लवकर जा. भात चिकट, कोथिंबीर मुबलक, गोडा मसाला घरून न्या.

घड्याळ आपल्या दीड तास पुढे. आई जेवणं आटोपून साडेनऊला फोन करते तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात आणि पहाटे पाचला पोहायचं असतं, तेव्हा तिला संध्याकाळची वेळ आधीच देऊन ठेवा.