कंपनीचा ॲम्प असलेल्या गाडीत नवा स्टीरिओ जोडताना

स्क्रीन झकास पेटते, ब्लूटूथ लगेच जुळतं, पण स्पीकरमधून आवाज नाही. किंवा आवाज येतो तो व्हॉल्यूम तीनवरच फाटतो. अशा वेळी दुकानदार स्पीकर बदलायला सांगतो. खरं तर स्टीरिओ आणि स्पीकर दोन्ही बहुधा धड असतात. मध्ये कंपनीने बसवलेला वेगळा ॲम्प्लिफायर (ॲम्प, म्हणजे स्टीरिओचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा डबा) आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं.

म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) घ्यायला जाण्याआधी गाडीत ॲम्प आहे का, ते तपासा. दाराच्या जाळीवर मोठ्या ब्रँडचं नाव असलं म्हणजे वेगळा ॲम्प असतोच असं नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा (बऱ्याच गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो), जुना स्टीरिओ बाहेर घ्या आणि गाडीकडच्या कपलरमध्ये स्पीकरच्या जोडीवर मल्टीमीटर ओहमवर लावा. ३ ते ४ ओहम दिसले तर वायर थेट स्पीकरला जाते. हजारांत ओहम दिसले किंवा काहीच दिसलं नाही, तर पुढे ॲम्प असण्याची शक्यता मोठी. मग पुढच्या सीटखाली आणि डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे शोधा. सीटखाली सापडला तर त्याचा कपलर उघडून बघाच. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात एकदा अडकलेल्या गाडीत तिथल्या पिना हिरव्या पडलेल्या असू शकतात, आणि मग वर कितीही नीट जोडलं तरी एखादी बाजू बंदच राहते.

जुन्या स्टीरिओला ऑप्टिकल फायबर किंवा नुसत्या डेटाच्या वायरी जात असतील, स्पीकरच्या जोड्याच नसतील, तर वायरी जोडून काम होणार नाही. त्या मॉडेलसाठी बनवलेला इंटरफेस मॉड्यूल घ्या, नाहीतर ॲम्पच बदला. पुढचं सगळं साध्या, ॲनालॉग सिग्नलवर चालणाऱ्या ॲम्पबद्दल आहे.

ॲम्पला चालू-बंद करणारी रिमोट वायर जुना स्टीरिओ काढून टाकण्याआधीच शोधायची असते. तो तात्पुरता जोडा, बॅटरी लावा आणि कपलरच्या मागून मल्टीमीटरची सुई घाला. स्टीरिओ बंद असताना ०, चालू केल्यावर १२ व्होल्ट देणारी वायर ॲम्पला उठवते. नव्या स्टीरिओची निळी, पांढऱ्या पट्टीची वायर तिला जोडा. नुसती निळी वायर अँटेनाची असते. काही स्टीरिओत ती फक्त रेडिओ चालू असतानाच करंट देते, म्हणून एफएम लागतं आणि ब्लूटूथवर गेलं की ॲम्प झोपतो. बाकी रंग नेहमीचे: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवर, काळी अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी). पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळी पट्टी असलेली त्या त्या जोडीची निगेटिव्ह. चिनी अँड्रॉइड युनिटमध्ये रंगांवर विसंबू नका, सोबतचा कागद बघा.

आता खरा प्रश्न सिग्नलचा. स्टीरिओच्या मागे आरसीए आउटपुट (ॲम्पसाठी कमी ताकदीचा सिग्नल देणारी गोल सॉकेटं) असेल तर तेच वापरा. तिथून २ ते ४ व्होल्ट मिळतात आणि कंपनीच्या बऱ्याच ॲम्पना तेवढे पुरतात. आरसीए नसेल तर स्पीकर आउटपुट आणि ॲम्प यांच्यामध्ये हाय-टू-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरदार सिग्नल ॲम्पला झेपेल इतका कमी करणारा डबा) लावा. स्पीकरच्या वायरी थेट ॲम्पच्या इनपुटला जोडल्या की तो दोन-तीन व्होल्टच्या जागी आठ-नऊ व्होल्ट खातो, म्हणूनच आवाज तीनवर फाटतो. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीही अर्थला किंवा आरसीएच्या बाहेरच्या कड्याला लावू नका. स्पीकरच्या जोडीतल्या दोन्ही वायरींवर सुमारे ६ व्होल्ट डीसी असतो. एक अर्थ झाली की स्टीरिओच्या आउटपुटची आयसी (चिप) जळू शकते.

कन्व्हर्टरचे स्क्रू आधी शून्यावर ठेवा. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद. व्हॉल्यूम ४० पैकी ३० वर नेऊन ओळखीचं गाणं लावा आणि स्क्रू हळूहळू वाढवा. आवाज कर्कश व्हायला लागला की थोडा मागे घ्या. 

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थ तपासा. स्टीरिओची काळी वायर कपलरमधल्या मूळ अर्थलाच जोडा, रंग लागलेल्या पत्र्याच्या स्क्रूला नको. ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नलच्या वायरीत घालायचा, अशी शिट्टी अडवणारा तुकडा) हा शेवटचा उपाय. स्वस्तातले बेस खातात.

ॲम्प काढून टाकून स्टीरिओ थेट स्पीकरला जोडायचा मोह होतो. त्याआधी प्रत्येक स्पीकरचे ओहम मोजा. कंपनीच्या काही सिस्टिमचे स्पीकर २ ओहमचे असतात, आणि स्टीरिओला किमान ४ लागतात.

जोड काळ्या चिकटपट्टीवर सोडू नका. मुंबईच्या उन्हात तिचा डिंक वितळतो आणि खाऱ्या हवेने तांबं काळवंडतं. रेण मारा किंवा क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) घाला. जमत असेल तर वायरी न कापता कपलर-टू-कपलर हार्नेसच (दोन्ही टोकांना तयार कपलर असलेला वायरींचा जुडगा) घ्या. जुना स्टीरिओ परत बसवता येतो आणि वॉरंटीवरून वादाला जागा कमी राहते. सीटबेल्टची किंवा पार्किंग सेन्सरची टुंग-टुंग काही गाड्यांत स्टीरिओतूनच येते, म्हणून पॅनेल लावण्याआधी ती वाजते का बघा.

सगळं झाल्यावर गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजा. ५० मिलिॲम्पियरच्या आत असायला हवा. रिमोट वायर चुकून पिवळीला जोडलेली असेल तर ॲम्प रात्रंदिवस जागा राहतो आणि बॅटरी उतरते. आठवडाभर लोकलने जाऊन रविवारीच गाडी काढणाऱ्याला मग थेट धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.