सत्तरीतल्या शिबिराला नाव नोंदवण्याआधी

परदेशी कॉलेजांची मुलं इथलं रान आणि गावातलं आरोग्य एकत्र शिकायला गोव्यात येतात. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना अशाच एका गटाबरोबर मी दोन आठवडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिबिराला होते. यंदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आमचा विषय होता माकडताप, म्हणजे गोचीड चावल्याने माणसाला होणारा आणि माकडांनाही मारणारा ताप. याचा विषाणू १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१५ पासून सत्तरीत रुग्ण आढळू लागले. पहिल्याच सकाळी सरांनी काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेल आमच्या हातात दिलं आणि पालापाचोळ्यावरून ओढायला लावलं. वीस पावलांनी उलटून पाहिलं, तर कापड कोरं. मग खसखशीएवढा एक ठिपका चालू लागला. गोचिडीचं पिल्लू! काजूच्या बागेत दिवसभर वाकून बोंडू वेचणाऱ्या बाईला ते पायावर कुठून दिसणार? काजूचा हंगाम आणि या पिल्लांचा सुळसुळाट एकाच वेळी असतो. रान आणि दवाखाना एकत्र का शिकायचा, ते मला त्या फडक्यावर कळलं.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. परदेशी मित्रांना आधीच सांगून ठेवा की २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्यांना संशोधनासाठी नमुने नेता येत नाहीत.

आता शिबिरातल्या गावकऱ्यांच्या आरोग्य तपासणीचं. अमेरिकेत आधी पदवी, मग वैद्यकीय शिक्षण. आणि त्या प्रवेशासाठी रुग्णांमध्ये वावरल्याचा अनुभव लागतो. त्यामुळे ही मुलं उतावीळ असतात. त्यांच्यातल्या एकाने बीपीचं यंत्र उचललं, तशी समोरच्या आजीने विश्वासाने हात पुढे केला आणि मला विचारलं, "हो दोतोर काय, बाये?" मला ते फार लागलं. मी "नाही आजी, शिकतोय अजून" म्हटलं आणि सिस्टरना हाक मारली. ज्याचं शिक्षण झालेलं नाही त्याने रुग्णाला हात लावू नये, मग तो कुठल्याही देशातून आलेला असो.

आपला खरा उपयोग होतो तो भाषेचा. ताप कधी आला, कुठल्या बागायतीत जाता, हे मी आजीला विचारत बसले. बोलता बोलता ती म्हणाली, झरीपाशी दोन माकडं मरून पडली होती. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि जागा नीट विचारून घेतली.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: नोंदणीकृत डॉक्टर पूर्ण वेळ हजर असणार का? स्थानिक आरोग्य केंद्राला कळवलंय का? आणि शिबिर उठल्यावर या माणसांचा ताप कोण बघणार? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या आयोजकांकडे उत्तर नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री मी वहीतली रुग्णांची सगळी नावं उतरवून काढली आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हाती दिली. तुम्ही ते पहिल्या दिवसापासून करा.